इमारतींचे पॉलिगॉन त्रिमितीत आणताना: आधी तळ, मग उंची

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्यांकडे ठाण्यातील घोडबंदर रस्त्यालगतच्या इमारतींची शेपफाइल (इमारतींच्या सपाट बाह्याकृती, म्हणजे पॉलिगॉन, आणि त्यांचा तक्ता साठवणारी फाइल) आहे आणि तिच्या तक्त्यात प्रत्येक इमारतीच्या मजल्यांची संख्या दिलेली आहे. आर्कजीआयएस प्रो या नकाशा-सॉफ्टवेअरमध्ये ‘मजले गुणिले ३’ असे सूत्र देऊन त्यांनी एक्स्ट्रूजन (सपाट आकार वर उचलून उभा करणे) केले आणि पडद्यावर इमारती उभ्या राहिल्या. तीच शेपफाइल सहकाऱ्याने क्यूजीआयएस या दुसऱ्या नकाशा-सॉफ्टवेअरमध्ये उघडली तेव्हा मात्र सगळे पुन्हा सपाट दिसले. शिवाय येऊरच्या उताराकडील काही इमारती जमिनीत बुडालेल्या, काही अधांतरी, तर काहींची गच्ची तिरकी दिसते. पॉलिगॉनचे खऱ्याखुऱ्या थ्रीडी फीचरमध्ये रूपांतर करणारे टूल कोणते, असे त्यांनी विचारले आहे.

टूलचे नाव एका ओळीत सांगता येते: थ्रीडी अ‍ॅनालिस्ट एक्स्टेन्शनमधील ‘लेयर थ्रीडी टू फीचर क्लास’. परंतु हे टूल पडद्यावर जे दिसते ते जसेच्या तसे भूमितीत उतरवते. इमारत बुडालेली दिसत असेल, तर रूपांतरानंतर ती बुडालेलीच राहील आणि दुरुस्त करायला आताहून अवघड होईल. तुमच्या प्रश्नात मला खरे तर तीन निरनिराळे प्रश्न दिसतात. दिसणारी उंची आणि साठवलेली उंची यांत फरक काय, इमारतीचा तळ कोणत्या पातळीवर ठेवायचा, आणि तिचा माथा कुठून ठरवायचा. माझे बरेचसे काम ठाणे आणि नवी मुंबईतील सर्वेक्षणाच्या आकडेवारीवर चालते. तिथे गोंधळ झाला की तो बहुतेक वेळा दुसऱ्या प्रश्नात सापडतो, आणि नेमका तोच प्रश्न सर्वांत कमी विचारला जातो.

पहिला प्रश्न सोपा आहे. एक्स्ट्रूजन ही थराच्या मांडणीतली सूचना असते. ‘या पॉलिगॉनला इतके मीटर उभे करून दाखव’ एवढेच ती सॉफ्टवेअरला सांगते आणि ती प्रकल्पाच्या किंवा लेयरच्या फाइलमध्ये राहते. शेपफाइलमधील बिंदूंना पूर्वीसारखेच दोन आकडे असतात. क्यूजीआयएसच्या थ्रीडी नकाशा दृश्यातही हीच रीत आहे, तिथली उंची आणि एक्स्ट्रूजन ही चिन्हांकनाचीच मूल्ये आहेत. त्यामुळे तुमच्या सहकाऱ्याला सपाट पॉलिगॉन मिळाले यात काही बिघडलेले नव्हते.

म्हणूनच पहिल्यांदा स्वतःला हे विचारावे की रूपांतराची खरोखर गरज आहे का. बैठकीत चित्रफीत दाखवायची आहे, वेबवर दृश्य ठेवायचे आहे किंवा अहवालात एक आकृती हवी आहे, एवढेच काम असेल तर रूपांतर करूच नका. लेयर फाइल सोबत द्या किंवा सहकाऱ्याला एक्स्ट्रूजनचे सूत्र कळवा. सूत्र बदलले की दृश्य लगेच बदलते, ही सोय घन फीचरमध्ये राहत नाही. रूपांतराची गरज पडते ती विश्लेषणासाठी: सावलीचे घनक्षेत्र काढणे, दोन घनांचा छेद तपासणे, क्षितिजरेषा काढणे, बंद घनाचे घनफळ मोजणे किंवा एखाद्या दुसऱ्या त्रिमितीय प्रणालीला माहिती देणे. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांची गरज पहिल्या प्रकारचीच असते.

रूपांतर हवेच असेल, तर कशात हवे हेही ठरवावे लागते. पॉलिगॉन-झेड म्हणजे ज्याच्या प्रत्येक शिरोबिंदूला झेड किंमत, म्हणजे उंचीचा आकडा, आहे असा पॉलिगॉन. तो अवकाशात उचललेला एक पृष्ठभाग असतो, त्याला भिंती नसतात. मल्टिपॅच हा अनेक पृष्ठांनी बनलेला आकार असतो: तळ, भिंती आणि माथा असे सगळे त्यात येते आणि पृष्ठे नीट जुळली तर तो बंद घन होतो. तलावाचा पृष्ठभाग, भूखंडाची हद्द किंवा उतारावरची आरक्षणाची सीमा यांना पॉलिगॉन-झेड पुरतो. इमारतीला बहुधा मल्टिपॅच लागतो. पॉलिगॉन-झेडबाबत एक सावधगिरी बाळगावी. रास्टरवरून (चौकोनी पेशींच्या जाळ्यात किमती साठवणाऱ्या थरावरून) झेड देणारे क्यूजीआयएसचे ‘ड्रेप’ टूल फक्त आहेत त्या शिरोबिंदूंनाच किंमत देते. येऊरच्या उतारावरील दोनशे मीटर लांबीच्या हद्दरेषेला दोनच टोके असतील, तर मधली रेषा टेकडीच्या पोटातून जाईल. म्हणून आधी ठरावीक अंतरावर शिरोबिंदू वाढवून घ्यावेत. आर्कजीआयएसचे ‘इंटरपोलेट शेप’ हे काम स्वतःच करते. तलावाचे बरोबर उलट असते. मासुंदा तलावाच्या कडेला ड्रेप केले तर पाणी वरखाली झालेले दिसेल, तिथे संपूर्ण पॉलिगॉनला एकच झेड किंमत द्यावी.

आता तळाकडे येऊ. इमारतीचा पॉलिगॉन दोन मितींचा असताना तिचा तळ कुठे आहे हे कुणीच सांगितलेले नसते. तुम्ही काही सांगितले नाही तर सॉफ्टवेअर तो शून्यावर ठेवते किंवा दृश्यातल्या भूपृष्ठावर टाकते, आणि ते भूपृष्ठ बहुधा कुठून तरी ऑनलाइन आलेले असते. तुमची फाइल ज्याच्या हाती जाईल त्याच्याकडे तेच भूपृष्ठ असेल याची खात्री नसते. त्यामुळे माझा आग्रह असा असतो की रूपांतरापूर्वी तक्त्यात दोन कॉलम असावेत, तळाची पातळी आणि माथ्याची पातळी, आणि दोन्ही एकाच संदर्भपातळीवर (उंची जिथून मोजायची त्या शून्यपातळीवर) मीटरमध्ये असाव्यात. हे दोन कॉलम विश्वासार्ह असतील तर पुढचे काम कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये काही मिनिटांचे आहे.

तळाची पातळी काढण्यासाठी भूपृष्ठाचे रास्टर, म्हणजे डेम लागते. आर्कजीआयएसमध्ये ‘अ‍ॅड सरफेस इन्फर्मेशन’ हे टूल प्रत्येक पॉलिगॉनखालच्या जमिनीची किमान, सरासरी आणि कमाल पातळी कॉलममध्ये लिहून देते. क्यूजीआयएसमध्ये झोनल स्टॅटिस्टिक्सने तेच मिळते. सपाट जागी या तिन्ही किमती जवळपास सारख्या येतात. उतारावर त्यांत काही मीटरांचा फरक पडतो, आणि तुमच्या इमारती बुडतात किंवा तरंगतात त्याचे कारण हेच आहे. तळ सरासरीवर ठेवला की उताराच्या वरच्या बाजूला इमारत जमिनीत जाते आणि खालच्या बाजूला तिच्याखाली फट राहते. मी उतारावर तळ किमान पातळीच्याही मीटर-दोन मीटर खाली घेतो. वरच्या बाजूची भिंत जमिनीत गेली तर बिघडत नाही, कारण प्रत्यक्षातही तिथे जोते किंवा संरक्षक भिंत असते. मात्र माथा या कृत्रिम तळापासून मोजायचा नाही. माथ्याची पातळी जोत्याच्या पातळीला इमारतीची उंची मिळवून स्वतंत्रपणे काढायची आणि एक्स्ट्रूजन म्हणून या दोहोंतला फरक द्यायचा. असे केले नाही तर तळ जितका खाली नेला तितकी इमारत बुटकी होते आणि ही चूक दृश्यात डोळ्याला दिसत नाही.

डेम कोणते घ्यायचे हे परिस्थितीवर अवलंबून आहे. फुकट मिळणारी ३० मीटर पेशीची मॉडेल्स बहुतेकांना परिचित आहेत: एसआरटीएम, कोपर्निकसचे डेम आणि इस्रोच्या भुवन संकेतस्थळावरील कार्टोडेम. यांच्याबाबत मला अनुभवाने तीन अडचणी महत्त्वाच्या वाटतात. पहिली अशी की ही मॉडेल्स उघड्या जमिनीची नसून बऱ्याच अंशी वरच्या पृष्ठाची असतात. येऊरच्या झाडीत त्यांची ‘जमीन’ झाडांच्या शेंड्यांकडे सरकते आणि दाट वस्तीत इमारतींची काही उंची पेशीत आधीच मुरलेली असते. अशा पृष्ठावर पुन्हा इमारत उभी केली की उंचीचा काही भाग दोनदा मोजला जातो. दुसरी अडचण पेशीच्या आकाराची आहे. नौपाड्यातील जुनी इमारत एका पेशीपेक्षा लहान असू शकते. तिच्या आत एकाही पेशीचा मध्य पडला नाही, तर काही टूल्स तिला आकडेवारीतून चुपचाप वगळतात. तक्ता जोडल्यावर रिकाम्या किमती शोधल्याखेरीज पुढे जाऊ नये. तिसरी अडचण काळाची आहे. एसआरटीएमचे मोजमाप फेब्रुवारी २००० मधले आहे. त्यात विमानतळासाठी कापून काढलेली उलव्याची टेकडी अजून उभी आहे, आणि पारसिक डोंगराच्या कुशीतल्या खाणींची आजची खोलीही त्यात मिळणार नाही.

ड्रोन किंवा लायडार (लेझरने केलेल्या) सर्वेक्षणाचे भूपृष्ठ उपलब्ध असेल तर तेच वापरावे, यात दुमत नसावे. ते नसेल आणि परिसर सपाट असेल, तर ३० मीटरच्या डेमपेक्षा रस्त्यांवरच्या मोजलेल्या पातळ्या कितीतरी बऱ्या. वाशी किंवा नेरुळच्या भराव टाकून केलेल्या सेक्टरांत जमीन समुद्रसपाटीपासून मोजक्याच मीटरवर आहे आणि या मॉडेल्समधली उभी चूकच काही मीटरांची असते. तिथे डेमवरून तळ घेतला तर शेजारशेजारच्या दोन सारख्या इमारती उगाचच वरखाली दिसतात. केवळ दृश्य हवे असेल तर अशा सेक्टराला मी सरळ एकच तळ देतो आणि अहवालात तसे लिहितो.

संदर्भपातळीचा मुद्दा मी मुद्दाम वेगळा काढतो, कारण यातून होणारी चूक मीटर-दोन मीटरची नसते. उपग्रहाधारित मोजणी, म्हणजे जीएनएसएस उपकरण किंवा आरटीके ड्रोन, मुळात लंबगोलापासूनची, म्हणजे पृथ्वीच्या गणिती आकारापासूनची, उंची देते. आपल्याला हवी असते ती समुद्रसपाटीपासूनची उंची. मुंबई-ठाण्याच्या परिसरात या दोन पृष्ठांमध्ये ६० मीटरांहून अधिक अंतर आहे आणि लंबगोल वर आहे. त्यामुळे समुद्रसपाटीपासून पाच-सात मीटरवर असलेल्या जमिनीची लंबगोलीय उंची उणे पन्नास-साठच्या घरात येते. एसआरटीएमची उंची ईजीएम ९६ या जिऑइड-प्रतिमानावर आणि कोपर्निकसची ईजीएम २००८ वर असते, म्हणजे दोन्ही समुद्रसपाटीशी निगडित आहेत आणि त्यांच्यातला आपसातला फरक या कामापुरता किरकोळ आहे. भुवनवरील कार्टोडेमची उंची मात्र लंबगोलीय असते. ठाण्याच्या डेममध्ये सगळीकडे उणे आकडे दिसले की फाइल खराब आहे असे समजून ती टाकून देणारे लोक मी पाहिले आहेत. फाइल ठीक असते, तिची संदर्भपातळी वेगळी असते आणि ती बदलून घेता येते. तळ एका स्रोतातून आणि माथा दुसऱ्या स्रोतातून घेतला असेल, तर हा तपास अटळ समजावा.

मुंबईच्या बाजूची जुनी कागदपत्रे वापरणाऱ्यांना आणखी एक पातळी भेटते. मुलुंडच्या हद्दीपलीकडे मुंबईच्या पर्जन्यजल वाहिन्यांच्या नकाशांत टाउन हॉल डेटम ही मुंबईची स्थानिक संदर्भपातळी वापरलेली असते. तिथे सखल भागाच्या पातळ्याही वीस-बावीस मीटरांच्या पुढे असतात. ते आकडे ठाण्याच्या थरात तसेच घातले तर नाला टेकडीवरून वाहू लागेल.

भरतीच्या आकड्यांचेही असेच आहे. नवी मुंबईत त्रिमितीय मॉडेल बनवणारे अनेक जण पुढच्या टप्प्यात त्यावर पाण्याची पातळी टाकून पाहतात. पावसाळ्यात वर्तमानपत्रांत ४.८ मीटरची भरती अशी बातमी येते, आणि तो आकडा समुद्रसपाटीपासूनचा समजून झेड किंमत ४.८ ठेवली की अर्धी वाशी पाण्याखाली दिसते. भरतीच्या कोष्टकातली उंची चार्ट डेटमपासून, म्हणजे सागरी नकाशांच्या शून्यपातळीपासून, मोजलेली असते. मुंबई बंदराजवळ सरासरी समुद्रसपाटी त्याच्या सुमारे अडीच मीटर वर आहे, म्हणजे ती भरती समुद्रसपाटीपासून साधारण २.३ मीटरची झाली. खाडीत आत जाताना भरतीची उंची आणि वेळ दोन्ही बदलतात, आणि सखल सेक्टरांचे पाणी भरतीच्या वेळी होल्डिंग पाँडमध्ये साठवून ओहोटीला सोडण्याची व्यवस्था आहे. त्यामुळे एक सपाट पॉलिगॉन उचलून पूर दाखवणे तसेही फसवेच ठरते. पण निदान त्याची झेड किंमत तरी योग्य संदर्भातली असावी.

माथ्याचा विषय तक्त्यातल्या मजल्यांच्या कॉलमपासून सुरू होतो. हा कॉलम क्वचितच निव्वळ आकड्यांचा असतो. सर्वेक्षकाने तळ+७, स्टिल्ट+७, पी३+२२ अशा नोंदी केलेल्या असतात आणि पुढे कुणीतरी त्यांतला शेवटचा आकडा उचलून संख्येचा कॉलम बनवलेला असतो. तळ+७ ही इमारत आठ मजली आहे. पी३+२२ मध्ये पार्किंगचे तीन पोडियम मजले आहेत आणि वर बावीस. सुरुवातीलाच सगळ्या वेगवेगळ्या नोंदींची यादी काढावी. मोठ्या परिसरातही असे प्रकार फार नसतात. प्रत्येक प्रकाराला उंची नेमून देणारा छोटा जोडतक्ता बनवला की सूत्रांची गुंतागुंत टळते. निवासी मजल्याला साधारण ३ मीटर धरणे बरोबर आहे. खालच्या मजल्यावर दुकाने असतील तर त्याला ४ मीटरच्या आसपास घ्यावे. ऐरोली-महापेकडील आयटी इमारतींचा मजलाही तितकाच उंच असतो. वागळे इस्टेटमधील शेडच्या नावापुढे मजला १ असतो, पण तिची उंची सहा-आठ मीटर असू शकते. ‘मजले गुणिले ३’ हे सूत्र अशा शेडला झोपडीएवढी करते.

घोडबंदर रस्त्याच्या बाबतीत याहून मोठा प्रश्न पोडियमचा आहे. तिथल्या नव्या संकुलांत एका विस्तीर्ण पोडियमवर तीन-चार टॉवर उभे असतात, आणि उपग्रहचित्रावरून आखलेला पॉलिगॉन पुष्कळदा पोडियमच्या कडेने जातो. त्याला पंचवीस मजले दिले की सगळा पोडियमच पंचवीस मजली होतो. घनफळ अनेक पटींनी फुगते, सावली खोटी पडते आणि दोन टॉवरमधून दिसणारी खाडी दिसेनाशी होते. अशा जागी पॉलिगॉन तोडावा. पोडियमचा तळ जमिनीवर आणि माथा पोडियमच्या गच्चीवर. टॉवरचा तळ पोडियमच्या गच्चीवर आणि माथा त्याच्या स्वतःच्या गच्चीवर. दोन्हींना एकाच संकुलाचा क्रमांक द्यावा, म्हणजे नंतर एकत्र करता येतील. मॉडेलची गुणवत्ता वाढवण्यासाठी तुमच्याकडे एकच दिवस असेल तर तो इथे घालवा, असे मी सांगेन. छपरांच्या बारकाव्यांमागे लागल्याने तेवढा फायदा होत नाही. पॉलिगॉन उभे करून मिळणारे मॉडेल सिटीजीएमएल या शहर-मॉडेलच्या मानकाच्या भाषेत एलओडी (तपशिलाची पातळी) १ दर्जाचे, म्हणजे सपाट माथ्याच्या ठोकळ्यांचे असते. उतरती छपरे हवी असतील तर एलओडी २ लागते. ते बहुधा बिंदूमेघावरून (लायडार किंवा ड्रोनने मोजलेल्या असंख्य त्रिमितीय बिंदूंवरून) बनवावे लागते आणि ते वेगळेच काम आहे.

वरच्या पृष्ठाचे आणि जमिनीचे अशी दोन्ही रास्टरे हाताशी असतील, तर त्यांच्या वजाबाकीतून थेट उंची मिळते. तेव्हा पॉलिगॉनमधली कमाल किंमत घेऊ नये, कारण ती पाण्याच्या टाकीची, लिफ्टच्या खोलीची किंवा मोबाइल मनोऱ्याची असते. आर्कजीआयएसमध्ये झोनल स्टॅटिस्टिक्स टक्केवारीची किंमतही देते, तिथे मी नव्वदाव्या शतमकाच्या आसपासची घेतो. क्यूजीआयएसमध्ये मध्यक घ्यावा. त्यापूर्वी पॉलिगॉन मीटरभर आत आकसून घेतला तर कडेची झाडे आणि शेजारच्या गच्च्या गणतीत येत नाहीत.

याला एक अपवाद आहे आणि तो आपल्या भागात महत्त्वाचा आहे. विमानतळाच्या उंची-निर्बंधांसाठी मॉडेल करत असाल, तर टाकी आणि अँटेनासकट सर्वांत उंच टोकच लागते. भारतीय विमानतळ प्राधिकरणाच्या ना-हरकत प्रमाणपत्रातली अनुज्ञेय पातळी समुद्रसपाटीपासूनच्या मीटरमध्ये असते, तर वास्तुविशारदाच्या आराखड्यातली इमारतीची उंची जमिनीपासून मोजलेली असते. पारसिकच्या उतारावरच्या आणि बेलापूरच्या सपाटीवरच्या दोन सारख्याच उंच इमारती या निर्बंधापुढे सारख्या ठरत नाहीत. तळ आणि माथा असे दोन कॉलम ठेवलेले असले की ही तुलना एका वजाबाकीत होते. नुसती मजल्यांची संख्या असलेल्या तक्त्यावरून ती होतच नाही.

तुमच्या गच्च्या तिरक्या का झाल्या, हे आता सांगता येईल. आर्कजीआयएस प्रोमध्ये एक्स्ट्रूजनचे चार प्रकार आहेत. ‘बेस हाइट’ प्रत्येक शिरोबिंदूच्या स्वतःच्या झेड किमतीत उंची मिळवतो, त्यामुळे खालचा उतार जसाच्या तसा गच्चीवर चढतो. ‘मिन हाइट’ फीचरच्या किमान झेडमध्ये आणि ‘मॅक्स हाइट’ कमाल झेडमध्ये उंची मिळवून सपाट माथा देतो. ‘अ‍ॅब्सोल्यूट हाइट’ दिलेल्या पातळीपर्यंत नेतो, मग तळ कुठेही असो. तुमच्याकडून उतारावर पहिला प्रकार वापरला गेला असावा. माझ्या पद्धतीत तळ आणि माथा दोन्ही ठाऊक असल्याने शेवटचा प्रकार सर्वांत सुटसुटीत पडतो.

सगळी जुळवाजुळव झाल्यावर आर्कजीआयएसमधला क्रम असा. थर प्रथम यूटीएम विभाग ४३ उत्तर या मीटरमधल्या प्रक्षेपणात आणावा. ठाणे आणि नवी मुंबई दोन्ही त्यातच येतात. मग ‘फीचर टू थ्रीडी बाय अ‍ॅट्रिब्यूट’ने तळाच्या कॉलमवरून पॉलिगॉन-झेड बनवावेत. ते लोकल सीनमध्ये थ्रीडी थरांच्या गटात घालून उंचीचा संदर्भ ‘जमिनीवर’ असा न ठेवता निरपेक्ष ठेवावा. माथ्याच्या कॉलमवर ‘अ‍ॅब्सोल्यूट हाइट’ने एक्स्ट्रूजन करावे आणि सर्वांत शेवटी ‘लेयर थ्रीडी टू फीचर क्लास’ चालवून मल्टिपॅच फाइल जिओडेटाबेसमध्ये साठवावा. शेपफाइलमध्येही मल्टिपॅच मावतो, पण पोत (पृष्ठांवर चढवलेली चित्रे) साठत नाहीत, कॉलमची नावे दहा अक्षरांत तुटतात आणि एका फाइलला २ जीबीची मर्यादा आहे.

थ्रीडी अ‍ॅनालिस्टचा परवाना नसेल तर पोस्टजीआयएसचा (नकाशाची माहिती साठवणाऱ्या मोफत डेटाबेसचा) मार्ग तितकाच चांगला आहे, आणि मोठ्या थरांवर मला तोच अधिक आवडतो. त्यासाठी त्रिमितीय भूमितीचे एसएफसीजीएएल हे एक्स्टेन्शन सुरू करावे लागते. पॉलिगॉन सुटे आणि वैध करून घ्यावेत, एसटी_फोर्सथ्रीडीमध्ये तळाची किंमत देऊन ते उचलावेत आणि एसटी_एक्स्ट्रूडमध्ये माथा वजा तळ ही उंची द्यावी. ३.५ या आवृत्तीपासून या फंक्शनचे नाव सीजी_एक्स्ट्रूड असे झाले आहे. मिळणारा आकार पॉलिहेड्रल सरफेस, म्हणजे अनेक सपाट पृष्ठांनी बनलेला, असतो. घनफळ काढायचे असेल तर त्याला आधी सॉलिड म्हणून घोषित करावे लागते. इथेही थर मीटरमधल्या प्रक्षेपणात असलाच पाहिजे. अक्षांश-रेखांशाच्या अंशांत पडलेल्या पॉलिगॉनला साठ एककांची उंची दिली तर सुईसारखे आकार तयार होतात, कारण आडव्या दिशेला त्याची रुंदी अंशाचा दशसहस्रांश असते आणि उभ्या दिशेला साठ. सहकाऱ्याकडे केवळ क्यूजीआयएस असेल आणि त्याला फक्त पाहायचे असेल, तर पॉलिगॉन-झेड जिओपॅकेजमध्ये द्यावेत आणि सोबत क्यूजीआयएसच्या शैलीची फाइल द्यावी.

रूपांतरानंतरची तपासणी लहान आहे, पण ती करावीच. आर्कजीआयएसचे ‘इज क्लोज्ड थ्रीडी’ कोणता घन उघडा आहे हे सांगते. उघड्या घनांवर छेद-फरकाची टूल्स चालत नाहीत किंवा काही फीचर वगळून पुढे जातात. त्यानंतर पॉलिगॉनचे क्षेत्रफळ गुणिले माथा-तळातील फरक हा आकडा, टूलने काढलेल्या घनफळाशी ताडून पाहावा. ठोकळ्यासारख्या आकारात हे दोन आकडे जुळलेच पाहिजेत. जुळत नसतील तर आतल्या चौकाचा पॉलिगॉन भोकासकट आला आहे का, एकमेकांवर पडलेले दुहेरी पॉलिगॉन आहेत का आणि कडा स्वतःलाच छेदतात का, हे या क्रमाने पाहावे. उंचीच्या कॉलमची किमान-कमालही नजरेखालून घालावी. माथा तळापेक्षा खाली असलेली किंवा फुटांत नोंदवल्यामुळे तिपटीहून उंच झालेली इमारत तिथेच पकडली जाते.

शेवटी साठवणुकीबद्दल. मल्टिपॅच संपादित करायला जड असतो, आणि ‘मल्टिपॅच फूटप्रिंट’ने त्याचा सपाट ठसा परत मिळवता येत असला तरी तुटलेल्या कडा आणि हरवलेले कॉलम त्यातून परत येत नाहीत. म्हणून मी सपाट पॉलिगॉनचाच थर मूळ मानतो. त्यात तळ, माथा, दोन्हींचा स्रोत, संदर्भपातळी आणि मोजणीचे वर्ष असे कॉलम ठेवतो आणि मल्टिपॅच हवा तेव्हा त्यावरून नव्याने काढतो. घोडबंदर पट्ट्यात बांधकाम ज्या वेगाने चालू आहे, तिथे एखाद्या टॉवरवर मजले चढले तर मूळ तक्त्यातला एक आकडा बदलावा लागतो एवढेच. तुमच्या तक्त्यातल्या मजल्यांच्या कॉलममधील वेगवेगळ्या नोंदींची यादी आणि वापरलेल्या डेमचे नाव कळवले, तर जोडतक्ता कसा बांधावा आणि तळ कुठून घ्यावा हे अधिक नेमके सांगता येईल.